हसीदी ग्रंथावरील मालकाची नोंद कशी तपासावी

हसीदी म्हणजे अठराव्या शतकात सुरू झालेल्या एका ज्यू भक्तिपंथाचा. त्याच्या सुरुवातीच्या ग्रंथाची एखादी प्रत अमुक रब्बींच्या संग्रहातली आहे असे वाचनात आले, तर त्या दाव्याची बरीचशी पडताळणी पुण्यात बसून करता येते, कारण पुष्कळ जुन्या छापील हिब्रू ग्रंथांची पाने आता संगणकावर पाहायला मिळतात. कॅम्पातील लाल देऊळ बगदादी ज्यूंचे आणि रास्ता पेठेतील सिनेगॉग बेने इस्राएलांचे. हसीदी पंथ वाढला तो युक्रेन-पोलंडच्या गावांत, त्यामुळे मूळ प्रती इथे शोधण्यात फारसा अर्थ नाही. हिब्रू अक्षरांचा सराव मात्र इथल्याच सामग्रीवर करावा. १८७४ साली पुण्यात छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी) त्यासाठी उत्तम आहे.

पहिले काम छपाईचे साल काढण्याचे. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असते आणि ज्यू सालातील हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. उदाहरणार्थ, ताव म्हणजे ४००, कोफ म्हणजे १००, मेम म्हणजे ४०. बेरीज ५४०, तीत १२४० मिळवले की १७८० येते. ‘तोलदोत याकोव योसेफ’ हा पहिला छापील हसीदी ग्रंथ कोरेट्स येथे याच साली निघाला. साल एखाद्या वचनात गुंफलेले असेल, तर ठळक छापलेल्या अक्षरांचीच बेरीज करावी. शकात ७८ मिळवताना वर्षाच्या शेवटच्या महिन्यांचे भान ठेवावे लागते, तसेच इथेही, कारण ज्यू वर्ष शरद ऋतूत सुरू होते. ‘तान्या’ या हसीदी ग्रंथाचे साल ५५७, म्हणजे हिशेबाने १७९७ येते, प्रत्यक्षात तो ग्रंथ स्लावुटा येथे डिसेंबर १७९६ मध्ये छापून झाला. गावाच्या नावालाही फसू नये: मोठ्या अक्षरांत ‘ॲमस्टरडॅम’ दिसले तरी अनेकदा तो उल्लेख फक्त टाइपाच्या वळणाचा असतो आणि खरे गाव बारीक अक्षरांत असते.

साल हाती आले की निम्मे दावे तिथेच निकालात निघतात. पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव १७६० साली आणि त्यांचे उत्तराधिकारी मेझेरिचचे दोव बेर १७७२ साली वारले, म्हणजे छापील हसीदी ग्रंथ या दोघांच्याही हाती पडलेला नाही. लिझेन्स्कचे हसीदी गुरू एलिमेलेख १७८७ साली गेले आणि त्यांचा ‘नोआम एलिमेलेख’ १७८८ साली ल्वोव्ह येथे छापला गेला. त्याच्या छापील प्रतीवर त्यांची सही दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

त्यानंतर नामपृष्ठाचा वरचा भाग आणि पुढची-मागची कोरी पाने सावकाश वाचावीत. मालक आपल्या नावाआधी बहुधा चोविसाव्या स्तोत्राचा आरंभ लिहीत, की पृथ्वी आणि तिच्यावरचे सर्व काही परमेश्वराचे आहे. स्वतः सही करणारा रब्बी स्वतःला ‘लहान’ म्हणवतो; नावापुढे मोठ्या पदव्या असतील तर हात दुसऱ्याचा समजावा, आणि दिवंगतांसाठीची आशीर्वचने असतील तर नोंद मृत्यूनंतरची आहे. अशी नोंद टाकाऊ मात्र नव्हे; वारसाने केलेली असेल तर ती प्रत घराण्यात राहिल्याचा चांगला पुरावा ठरते. घराण्यांत आजोबांचे नाव नातवाला ठेवत, म्हणून केवळ नाव जुळून भागत नाही. वडिलांचे नाव आणि गावही जुळले पाहिजे.

मळलेली, झिजलेली पाने मला स्वच्छ पानांपेक्षा मोलाची वाटतात. ‘नोआम एलिमेलेख’ बाळंतिणीच्या उशाखाली ठेवण्याची प्रथा होती, तेव्हा त्याची कड झिजलेली असणे हा दोष मानू नये.

शेवटी मालकी कोणत्या प्रकारची, हेही विचारावे. लुबाविच या हसीदी शाखेचे सहावे रेब्बे (गुरू) योसेफ यित्झाक श्नीर्सोन यांचा ग्रंथसंग्रह वारसाचा की समाजाचा, हा वाद ब्रुकलिनच्या न्यायालयात गेला आणि १९८७ साली निकाल समाजाच्या बाजूने लागला. म्हणून रब्बींच्या नावापाशी न थांबता प्रत त्यांच्याकडून कोणाकडे, केव्हा आणि विक्रीने, वारशाने की देणगीने गेली, हे टप्प्याटप्प्याने लिहावे, आणि पुरावा नसलेला टप्पा कोराच सोडावा.