धुराच्या मशीनसाठी टिकाऊ हीटर कसा बनवायचा

दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडयांचा (गावजत्रा आणि रात्रीच्या नाटकांचा) हंगाम सुरू झाला, की नागपुरात महाल भागातल्या माझ्या दुकानात धुराच्या मशिनी यायला लागतात. मागच्या हंगामात नाटकाचा सामान सांभाळणारे एक भाऊ मशीन ठेवत म्हणाले, "ताई, रात्रभर नाटक चालते आमचं. दोन अंक झाले का धूरच बंद. तिसऱ्यांदा हीटर जळून राह्यला." मशीन उघडली तर हीटरची तापणारी धातूची पट्टी मधे कुठेच तुटलेली नव्हती. टर्मिनलच्या (वायर जोडतात त्या टोकाच्या) स्क्रूपासून अर्ध्या सेंटिमीटरवर तुटली होती, आणि तुटलेल्या टोकाला मोहरीएवढा काळपट गोळा झाला होता. जवळपास प्रत्येक जळक्या हीटरमध्ये मला हेच दिसतं. म्हणून मी हीटर कसा बनवते ते इथे सगळं लिहिते.

या मशीनमधून येतो तो खरा धूर नसतो. पंप ग्लायकॉल-पाण्याचं द्रव तापलेल्या नळीत ढकलतो, त्याची वाफ होते, आणि नोझलबाहेर गार हवेत तिचे बारीक थेंब बनतात. प्रॉपिलिन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० च्या आसपास, पण त्या तापमानाला ते तुटायलाही लागतं आणि घशाला झोंबणारा अ‍ॅक्रोलिन वायू सुटतो. म्हणून धूर कमी पडला तर थर्मोस्टॅट वर चढवू नका. आधी नळी तुंबली आहे का ते बघा.

आता हीटर. १००० वॅट, २३० व्होल्ट धरा. चालू असताना ५३ ओहम रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) लागतो. पट्टीचा धातू, म्हणजे नायक्रोम, तापल्यावर त्याचा रेझिस्टन्स चार-पाच टक्के वाढतो, म्हणून थंड असताना ५१ मोजून घ्यायचे. ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियमची पट्टी घ्या, १ मिलिमीटर रुंद आणि ०.१ जाड. तिला मीटरमागे साधारण १०.९ ओहम येतात, म्हणजे ४.७ मीटर पुरे.

गोल तार का नको, हा प्रश्न मला वायंडिंगवाली मुलं नेहमी विचारतात. ओहम आणि लांबी तेवढीच ठेवून गोल तार घेतली, तर तिचा पृष्ठभाग सगळा मिळून सुमारे ५३ चौरस सेंटिमीटर भरतो. पट्टीचा १०३ भरतो. हजार वॅट दोन्हीकडे सारखेच, पण पट्टीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर निम्माच भार पडतो, म्हणून ती कमी तापमानात तेवढीच उष्णता देते. टोकं नीट जोडली असतील, तर हीटरचं आयुष्य मुख्यतः इथेच ठरतं. क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर नायक्रोमला जपतो. पट्टी फार तापली आणि पुन्हा पुन्हा गार झाली, की तो थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि धातू दर वेळी थोडा झिजतो.

पट्टी ९ सेंटिमीटर रुंद, १४ लांब मायकाच्या (अभ्रकाच्या) पत्र्यावर गुंडाळायची. कडेला दर पाच मिलिमीटरवर बारीक खाच करून घ्या, २६ वेढे बसतात. खाचेत पट्टी पीळ खाता कामा नये, कडेला तीक्ष्ण मुरड पडली तर तिथेच गरम ठिपका तयार होतो. मी बोटानेच हलका ताण देते, पकड वापरत नाही. वर-खाली मायकाचा एकेक पत्रा, आणि ते सगळं १० बाय १५ च्या दोन अ‍ॅल्युमिनियम प्लेटांमध्ये दाबायचं. त्याच प्लेटांना नळी बसवलेली असते. दाब सगळीकडे सारखा हवा. जिथे हवेची फट राहते, तिथे उष्णता बाहेर जात नाही आणि पट्टी लाल होते.

आता त्या टोकांकडे या, जिथे भाऊंची पट्टी तुटली होती. टर्मिनलजवळच्या पट्टीचे तीन पदर करा. रेझिस्टन्स एक तृतीयांश होतो, तेवढा भाग गार राहतो. टोक स्टीलच्या स्क्रूखाली दोन वॉशरांमध्ये दाबा. कथिलाचा डाग देऊ नका, तो वितळतो. उघड्या तांब्याचा लग (वायरच्या टोकाला बसवतात ती चकती) काळा पडून सैल होतो, आणि सैल जोडात ठिणगी उडाली की तो मोहरीएवढा गोळा होतो. भाऊंच्या मशीनमध्ये नेमकं हेच झालं होतं. पट्टी बदलण्याआधी स्क्रू आणि वॉशर बदला, नाहीतर नवी पट्टीही तिथेच जळेल.

पहिल्यांदा डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) ११५ व्होल्ट देऊन अर्धा तास तापवा, म्हणजे फक्त २५० वॅट जातात. मायकाचा चिकटा जळून वास येईल, खिडकी उघडी ठेवा. गार झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळा, कारण मायका दबून बसतो. हे विसरलात तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ओल आहे, पुन्हा शेकवा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर मी मशीन परत देत नाही. स्टेजवर ओल्या मातीत, कनाती-खांबांत माणसं फिरत असतात.

गावोगावी जनरेटर असतो. २६० व्होल्ट आले तर हा १००० वॅटचा हीटर जवळजवळ १२७५ वॅट ओढतो. म्हणून झाडीपट्टीच्या मशिनींना मी अर्धा मीटर पट्टी जास्त घालते, तीन वेढे वाढतात, खाचा थोड्या जवळ घ्याव्या लागतात. २३० वर साधारण नऊशे वॅट मिळतात, तापायला थोडा वेळ जास्त लागतो. भाऊंना मी सांगून ठेवलं, पडदा उघडायच्या आधीच मशीन लावत जा.

द्रवात बोअरचं पाणी घालू नका, नळीत क्षार बसतात आणि उष्णता हीटरमध्येच अडकते. खेळ संपल्यावर दोन मिनिटं डिस्टिल्ड वॉटर चालवून मगच बंद करा.

प्लेटच्या कडेला मी खिळ्याने तारीख आणि थंड ओहम कोरते. भाऊंच्या मशीनवर ५७ कोरलेत. होळीनंतर ती परत आली की आधी मल्टीमीटर लावीन. आकडा साठच्या वर गेला असेल तर पट्टी झिजली आहे, ती तुटायची वाट न बघता बदलायची.