ऑर्ग-रोमची दुसरी आवृत्ती: या चुका टाळा

ईमॅक्स या मजकूर-संपादकात नोंदी ठेवण्यासाठी जेथ्रो क्वान यांनी २०२० साली ऑर्ग-रोम हे पॅकेज आणलं. रोम रिसर्च या वेब-अ‍ॅपमधली बॅकलिंकची (एखाद्या नोंदीकडे कुठून कुठून लिंक येते, ते दाखवण्याची) सोय त्यांनी ऑर्ग-मोड या ईमॅक्समधल्या नोंद-व्यवस्थेच्या साध्या मजकूर-फाइलींत बसवली. जुलै २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र मुळातच बदल झाला. आधी एक फाइल म्हणजे एक नोंद, आणि फाइलचं नाव हीच तिची ओळख. आता नोंदीला ‘नोड’ म्हणतात. अख्खी फाइल नोड असू शकते, फाइलच्या आतलं एखादं शीर्षकही असू शकतं. अट एकच, त्याला आयडी, म्हणजे स्वतःची वेगळी ओळख-खूण हवी.

पुढच्या बहुतेक कटकटी या एका बदलातून निघतात. आणि त्या फक्त जुन्या लोकांच्या वाट्याला येतात असंही नाही. नेटवरची कितीतरी ट्युटोरियल अजून पहिल्या आवृत्तीचीच आहेत, त्यामुळे काल सुरुवात केलेला माणूसही तिथेच अडकतो. (कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत.)

जुनं कॉन्फिग तसंच ठेवणं

सगळ्यात फसवी ओळ म्हणजे ईमॅक्स सुरू होताना ‘ऑर्ग-रोम-मोड’ चालू करणारा हुक. पहिल्या आवृत्तीत हा सगळीकडे लागू होणारा मायनर मोड (चालू-बंद करता येणारी जोड-सोय) होता. दुसऱ्या आवृत्तीत याच नावाचा मेजर मोड (एखाद्या बफरचं मुख्य वागणं ठरवणारा) आहे, तोही फक्त बॅकलिंक दाखवणाऱ्या बफरसाठी. नाव जिवंत असल्यामुळे ‘अशी कमांडच नाही’ अशी तक्रार येत नाही, आणि नोंदी-लिंकांची यादी ठेवणारा डेटाबेस मात्र आपोआप अद्ययावत होत नाही. ती ओळ काढा आणि ‘ऑर्ग-रोम-डीबी-ऑटोसिंक-मोड’ चालू करा.

‘फाइंड-फाइल’च्या जागी ‘नोड-फाइंड’ आणि ‘इन्सर्ट’च्या जागी ‘नोड-इन्सर्ट’ आलं, हे लवकर लक्षात येतं. कॅप्चरचे टेम्प्लेट, म्हणजे नवी नोंद बनवायचे साचे, जास्त छळतात. टेम्प्लेटमध्ये ‘गेट-पॉइंट’ हे फंक्शन किंवा ‘फाइल-नेम’ आणि ‘हेड’ या वेगवेगळ्या किल्ल्या दिसल्या, तर तो पहिल्या आवृत्तीचा आहे असं खुशाल समजा. आता या सगळ्याऐवजी ‘टार्गेट’ ही एकच किल्ली असते आणि तिच्यात ‘फाइल+हेड’ लिहितात. मधल्या काळातल्या लेखांत तिला ‘इफ-न्यू’ म्हटलेलं आढळेल. जुना टेम्प्लेट दुरुस्त करत बसण्यापेक्षा तो पुसून नवा लिहावा, वेळ वाचतो.

डूम ईमॅक्स (ईमॅक्सची तयार मांडणी) वापरणाऱ्यांनी ऑर्गच्या मॉड्यूलपुढे ‘रोम’ लिहिलंय की ‘रोम२’, तेवढं आधी बघावं; जुन्या डूममध्ये ‘रोम२’ म्हणजे दुसरी आवृत्ती.

मायग्रेशननंतर न तपासणं

जुन्या नोंदी दुसऱ्या आवृत्तीत आणणारा ‘ऑर्ग-रोम-मायग्रेट-विझार्ड’ चांगलं काम करतो. जुन्या फाइलींना आयडी देतो, फाइल-लिंकच्या आयडी-लिंक करतो, आणि त्याआधी फोल्डरची एक प्रतही शेजारी ठेवतो. तरी स्वतःची गिट-कमिट आधी करून ठेवा. कारण प्रत जपण्यापुरतं नाही, विझार्डने काय काय बदललं ते नंतर डिफमध्ये (जुन्या-नव्या फरकाच्या यादीत) ओळीनिशी दिसतं.

विझार्ड फक्त ऑर्ग-रोमच्या फोल्डरमधल्या फाइलींना हात लावतो. तुमची अजेंडाची फाइल बाहेर असेल, तर तिच्यातल्या लिंक जुन्याच राहतात. क्लिक केल्यावर त्या उघडतात, म्हणून शंका येत नाही. पण बॅकलिंकच्या यादीत फक्त ऑर्ग-रोमच्या फोल्डरमधल्या आयडी-लिंक मोजल्या जातात. ‘माझ्या बॅकलिंक गेल्या कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

आयडीची गल्लत

फाइलचा आयडी ज्या प्रॉपर्टीज ड्रॉवरमध्ये (गुणधर्म लिहायच्या कप्प्यात) असतो, तो फाइलच्या अगदी माथ्यावर हवा, शीर्षकाच्या ओळीच्याही वर. हाताने लिहिताना सवयीने आधी शीर्षक टाकलं की ऑर्गच्या लेखी तो फाइलचा ड्रॉवर राहत नाही, आणि नोड यादीत दिसत नाही. त्यामुळे आयडी हाताने लिहूच नका, ‘ऑर्ग-आयडी-गेट-क्रिएट’ वापरा.

दुसरी गडबड कॉपी-पेस्टची. बैठकीच्या टिपणाची फाइल नमुना म्हणून कॉपी केली की आयडीही कॉपी होतो. दोन नोडचा एकच आयडी डेटाबेसला चालत नाही. ‘युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड’ असा संदेश ‘नोड्स-आयडी’च्या नावाने आला, तर बिघाड शोधत फिरू नका, जुळी फाइल शोधा. फोल्डरभर तो आयडी ग्रेपने शोधायचा आणि नव्या प्रतीतला पुसून ताजा घ्यायचा. ड्रॉपबॉक्ससारख्या सेवा दोन मशीनवरच्या बदलांतून ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ तयार करतात, तिथेही हेच होतं.

तिसरी चूक हौसेची आहे. शीर्षकही नोड होऊ शकतं म्हणून प्रत्येक शीर्षकाला आयडी देत सुटायचं. मग नोंद शोधताना यादीत ‘प्रस्तावना’, ‘काम बाकी’, ‘इतर’ असल्या नोडांची गर्दी होते. ज्याला दुसरीकडून लिंक करणार नाही, त्याला आयडी देऊ नये, असं माझं मत आहे. हौस नसतानाही आयडी वाढत असतील, तर ‘ऑर्ग-आयडी-लिंक-टू-ऑर्ग-यूज-आयडी’ हे सेटिंग तपासा. ते चालू असलं की लिंक साठवताना शीर्षकाला परस्पर आयडी मिळतो. आयडी हवा पण नोड नको, अशा शीर्षकाला ‘रोम-एक्सक्लूड’ ही प्रॉपर्टी द्यावी.

आयडी-लिंक ईमॅक्समध्ये उघडते, पण एचटीएमएल एक्सपोर्ट करताना अडते, अशीही तक्रार असते. एक्सपोर्ट ऑर्गच्या स्वतःच्या आयडी-यादीवर चालतो. ‘ऑर्ग-रोम-अपडेट-ऑर्ग-आयडी-लोकेशन्स’ एकदा चालवा.

टॅग आणि पर्यायी नावं

जुनी ‘रोम-टॅग्ज’ची ओळ गेली, आता ऑर्गचेच ‘फाइलटॅग्ज’ वापरायचे. टॅग कोलनांनी वेगळे करायचे. टॅगच्या आत हायफनही चालत नाही, तिथे अंडरस्कोर द्या. पर्यायी नावांचं उलट आहे. ती जागा सोडूनच लिहितात, म्हणून दोन शब्दांचं नाव दुहेरी अवतरणात हवं, नाहीतर ‘पुणे करार’चे ‘पुणे’ आणि ‘करार’ असे दोन तुकडे होतात. ‘ऑर्ग-रोम-अलायस-अ‍ॅड’ हे आपोआप सांभाळतं. मराठी शीर्षकाला रोमन लिपीतलं पर्यायी नाव दिलं, तर शोधताना कीबोर्ड बदलावा लागत नाही.

मराठी शीर्षक, लांबलेलं फाइलनाव

मूळ टेम्प्लेट फाइलच्या नावात तारीख-वेळ आणि त्यापुढे शीर्षक घालतो. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल-प्रणालीवर फाइलनावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. वेळेचे १४ आकडे, हायफन आणि एक्स्टेन्शन वजा केलं, तर हातात उरतात जेमतेम ७८ चिन्हं. ओळख आता आयडीत आहे आणि यादीत दिसणारं नाव शीर्षकाच्या ओळीतून येतं, तेव्हा फाइलनावातून शीर्षक बेलाशक काढून टाका, नुसती वेळ पुरते.

डेटाबेसला जपणं

डेटाबेसची फाइल दोन मशीनमध्ये सिंक करू नका. ती फक्त नोंदींवरून काढलेली यादी आहे, प्रत्येक मशीनने आपापली बनवावी. काही विचित्र वागायला लागलं तर ती सरळ डिलीट करून कंट्रोल-यू देऊन ‘ऑर्ग-रोम-डीबी-सिंक’ चालवा, नोंदींना धक्का लागत नाही. फोल्डर सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा नुसता दुवा) असेल, तर कॉन्फिगमध्ये त्याचा खरा पत्ता ‘फाइल-ट्रूनेम’ने द्या. विंडोजवर पहिल्याच वेळी सी कंपायलर नसल्याची तक्रार येत असेल, तर कंपायलरच्या मागे लागण्याआधी ईमॅक्स २९ टाकून बघा. त्यात डेटाबेससाठी लागणाऱ्या एसक्यूलाइटचा आधार ईमॅक्समध्येच देण्याची सोय आहे, आणि ऑर्ग-रोमची नंतरची रूपं तो वापरू शकतात.

नोंदींच्या जाळ्याचा आलेख पाहण्यासाठीचा जुना ऑर्ग-रोम-सर्व्हर दुसऱ्या आवृत्तीवर चालत नाही, त्याच्या जागी ऑर्ग-रोम-यूआय घ्या.