रस्ट २०२४ एडिशनवर जाताय? या चुका टाळा

“फिक्स चालवलं, टेस्ट पास आहेत, मर्ज करू?” टीममधल्या एका मुलीचा हा मेसेज आला (फिक्स म्हणजे जुना कोड नव्या एडिशनसाठी आपोआप बदलणारं टूल) तेव्हा मीही अंगठा दाखवायच्याच बेतात होतो. मग सहज डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, उघडला. चाळीसेक फायली बदललेल्या, आणि त्यातल्या एकीत आमचा जुना डेडलॉक (प्रोग्राम लॉकची वाट बघत कायमचा अडकतो तो बग) जसाच्या तसा, फक्त कपडे बदलून बसलेला.

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची २०२४ एडिशन, म्हणजे भाषेच्या नियमांचा नवा संच, २० फेब्रुवारी २०२५ ला १.८५ या आवृत्तीबरोबर आली. २०१५, २०१८ आणि २०२१ नंतरची ही चौथी. जुन्या एडिशनचा कोड नव्या कंपायलरवर चालत राहतो आणि वेगवेगळ्या एडिशनच्या क्रेट (रस्टची कोड-पॅकेजं) एका प्रोजेक्टात गुण्यागोविंदाने नांदतात. त्यामुळे घाई कुणालाच नव्हती, आणि बरेच जण आत्ता कुठे या वाटेला लागताहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. (आज्ञा आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे दिलेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाकायचे.)

काहीच केलं नाही, तरी बिल्ड पडला

सुरुवात यापासून, कारण एडिशन न बदललेल्यांनाही हा फटका बसतो. काल चालणारा बिल्ड आज ‘फीचर एडिशन२०२४ इज रिक्वायर्ड’ म्हणून थांबतो. तुम्ही वापरता त्या एखाद्या क्रेटची नवी आवृत्ती २०२४ एडिशनवर गेलेली असते, आणि तुमचा कार्गो (रस्टचं बिल्ड आणि पॅकेज सांभाळणारं टूल) १.८५ च्या आधीचा असतो. डेबियन १२ मधला रस्ट १.६३ आहे, उबुंटू २४.०४ चा नेहमीचा १.७५. डेबियन १३ मध्ये मात्र १.८५ मिळतो.

एररखाली कार्गो सुचवतो की नवा कार्गो वापरून पाहा, कदाचित नाइटली (रोज निघणारी प्रायोगिक आवृत्ती) लागेल. इथेच लोक फसतात आणि सगळा सर्व्हर नाइटलीवर नेऊन ठेवतात. नाइटलीची काहीएक गरज नाही, साधा स्टेबल १.८५ पुरतो. ‘रस्टअप अपडेट’ करूनही एरर जात नसेल तर प्रोजेक्टच्या मुळाशी ‘रस्ट-टूलचेन.टॉमल’ नावाची फाइल पडली आहे का ते बघा, आणि डॉकरफाइलची पहिली ओळ वाचा. तिथे जुना आकडा गोठवून ठेवलेला असतो आणि तो लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

कंपायलर बदलणं हातात नसेल तर त्या एका क्रेटची जुनी आवृत्ती ‘कार्गो अपडेट’ला ‘--प्रिसाइज’ देऊन पक्की करा. ‘कार्गो इन्स्टॉल’ करताना हा एरर आला तर ‘--लॉक्ड’ जोडून बघा. ते नसेल तर कार्गो त्या टूलची लॉक फाइल (क्रेटच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) बाजूला ठेवून सगळं ताजं उचलतो.

या गल्लीत आणखी एक खड्डा आहे. नव्या लॅपटॉपवर तयार झालेली ‘कार्गो.लॉक’ जुन्या सर्व्हरला वाचताच येत नाही. लॉक फाइलचा चौथा फॉरमॅट १.८३ पासून आपोआप वापरला जातो आणि तो समजायला किमान १.७८ लागतो. ‘कार्गो.टॉमल’मध्ये ‘रस्ट-व्हर्जन’ खरा लिहिलेला असेल तर नवा कार्गो तेवढ्या जुन्याला झेपेल अशी लॉक फाइल बनवतो. ही एक ओळ लिहायचा कंटाळा अनेकांना महागात पडलाय.

याच ओळीवर नवा रिझॉल्व्हर (क्रेटच्या आवृत्त्या निवडणारा भाग), म्हणजे तिसरा, चालतो. तुमच्या रस्ट-व्हर्जनला न झेपणारी क्रेट तो शक्यतो टाळतो. २०२४ एडिशन घेतली की तो आपोआप मिळतो, पण मुळाशी स्वतःचं पॅकेज नसलेलं वर्कस्पेस (अनेक क्रेटांचा एकत्र प्रोजेक्ट) असेल तर मिळत नाही. तिथे ‘रिझॉल्व्हर = "३"’ हाताने लिहावं लागतं, नाहीतर कार्गो पहिल्या रिझॉल्व्हरवर घसरतो. एक पिवळी वॉर्निंग देतो खरा, पण सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमधल्या पिवळ्या ओळी कोण वाचतं?

आधी एडिशन बदलली, मग फिक्स चालवलं

उलटा क्रम. जुनी एडिशन ठेवूनच ‘कार्गो फिक्स --एडिशन’ चालवायचं, आणि मग ‘कार्गो.टॉमल’मध्ये एडिशनचा आकडा स्वतः बदलायचा. तो बदल फिक्स करत नाही. आधीच २०२४ लिहून ठेवलंत तर तो म्हणतो, तुम्ही तर शेवटच्या एडिशनवरच आहात, यापुढे कुठे नेऊ?

आणि फिक्सला दिसतं तेवढंच तो बदलतो, म्हणजे त्या क्षणी खरोखर कंपाइल होणारा कोड. लिनक्सवर बसून चालवलंत तर विंडोजसाठीच्या ‘सीएफजी’आड (कोड कुठे कंपाइल करायचा ते सांगणाऱ्या खुणेआड) असलेला भाग तसाच राहतो. ‘--ऑल-फीचर्स’ दिलं नाही तर बंद फीचरमागचा कोड राहतो. डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं तर तो बघतच नाही, ती ‘कार्गो टेस्ट’मध्ये फुटतात.

फिक्स म्हणजे दुरुस्ती, असं समजणं

नावामुळे हा घोळ होतो. कोडचं जुनं वागणं नव्या एडिशनमध्ये जपून ठेवणं एवढंच त्या टूलचं काम आहे. वागणं चुकीचं असेल तर ते चुकीचं वागणंही तो तितक्याच इमानदारीने जपतो.

आमच्या डेडलॉकचं हेच झालं होतं. एक कॅशे, आरडब्ल्यूलॉकमध्ये (एकाच वेळी अनेक वाचक, पण लिहिणारा एकटाच, अशा लॉकमध्ये) ठेवलेली. ‘इफ लेट’मध्ये रीड लॉक घेऊन किल्ली शोधायची, सापडली तर उत्तर द्यायचं, आणि नाही सापडली तर ‘एल्स’मध्ये त्याच लॉकचं राइट मागून नवी नोंद घालायची. वाचायला अगदी सरळ. पण २०२१ मध्ये ‘इफ लेट’च्या अटीत तयार झालेलं तात्पुरतं मूल्य, इथे रीड गार्ड (तो सुटला की लॉक सुटतो), ‘एल्स’ संपेपर्यंत जिवंत राहतं. म्हणजे थ्रेड स्वतःच्याच हातातलं रीड सुटण्याची वाट बघत राइटसाठी उभा! किल्ली कॅशेत असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे टेस्टमध्ये हे कधी दिसत नाही.

२०२४ ने नेमकं हेच बदललं: अट जुळली नाही की ‘एल्स’मध्ये शिरण्याआधीच गार्ड सुटतो. आमचा बग नव्या एडिशनने फुकटात मिटला असता. पण फिक्सला कसं कळणार, की तुम्ही ‘एल्स’मध्ये लॉक धरून ठेवण्यावर अवलंबून आहात की नाही? त्याने सावध पवित्रा घेतला आणि ‘इफ लेट’चं ‘मॅच’ करून टाकलं. ‘मॅच’मध्ये गार्ड शेवटपर्यंत जिवंत असतो, २०२४ मध्येसुद्धा. डेडलॉक शाबूत.

म्हणून फिक्सनंतर डिफमध्ये नव्याने उगवलेलं प्रत्येक ‘मॅच’ हाताने तपासा. ‘एल्स’मध्ये लॉक धरलेला असणं गरजेचं आहे का, एवढाच प्रश्न. माझ्या अनुभवात बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असंच येतं, आणि तिथे परत ‘इफ लेट’ लिहावं.

मात्र २०२४ ने लॉकची कटकटच संपवली, असंही समजू नका. अट जुळल्यावरच्या ब्लॉकमध्ये गार्ड अजूनही धरलेलाच असतो. तिथे नेटवर्क कॉल केलात तर बाकीचे थ्रेड ताटकळणारच. ‘व्हाइल लेट’मध्येही काही बदललेलं नाही. रांगेचा लॉक घेऊन त्याच ओळीत काम उचलणारा वर्कर पूर्वीसारखाच काम संपेपर्यंत रांग अडवून बसतो. उपाय जुनाच आहे: हवं ते मूल्य वेगळ्या ‘लेट’ ओळीत काढून घ्या, म्हणजे गार्ड तिथल्या तिथे सुटतो.

‘अनसेफ’ची माळ घालून मोकळं होणं

नव्या एडिशनमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलणारे ‘सेट_व्हार’ आणि ‘रिमूव्ह_व्हार’ अनसेफ झाले, म्हणजे सुरक्षिततेची हमी कंपायलर देत नाही, ती लिहिणाऱ्याने द्यायची. फिक्स त्यांना अनसेफच्या कंसात घालतो आणि वर एक टूडू लिहून ठेवतो, की इथे एकच थ्रेड चालू असल्याची खात्री करा. ती खात्री न करता टूडूच पुसणारे मी पाहिलेत. हुशार माणसं हो, पण दिवसभर कंपायलरशी भांडल्यावर शेवटी कोणीही थकतं.

कारण समजलं तर चूक टळते. लिनक्ससारख्या सिस्टमवर एन्व्हायर्नमेंट ही साऱ्या प्रोसेसची सामायिक जागा आहे. रस्टची लायब्ररी आपल्यापुरता तिला लॉक लावते, पण त्याच प्रोसेसमधला सी कोड, वेळेचा पट्टा वाचणारा म्हणा किंवा डीएनएस बघणारा, त्या लॉकला विचारत नाही. तो वाचत असतानाच तुम्ही लिहिलंत तर प्रोसेस कोसळू शकते, आणि तीही कधीतरीच, रात्री.

“पण मी तर मेनच्या पहिल्याच ओळीत सेट करतो.” वर ‘टोकियो::मेन’ (असिंक कोड चालवणाऱ्या टोकियो रनटाइमची खूण) लावलेलं आहे का? मग तुमची पहिली ओळ चालण्याआधीच रनटाइमचे वर्कर थ्रेड उभे राहिलेले असतात. साधं ‘एफएन मेन’ लिहा, व्हेरिएबल तिथे सेट करा आणि रनटाइम त्यानंतर स्वतः बांधा. चाइल्ड प्रोसेसला काही द्यायचं असेल तर ‘कमांड’चं ‘एन्व्ह’ वापरा, त्याला अनसेफ लागत नाही. टेस्टमध्ये तर ‘सेट_व्हार’ नकोच: ‘कार्गो टेस्ट’ टेस्ट वेगवेगळ्या थ्रेडमध्ये एकाच वेळी चालवतो. कधी पास, कधी नापास होणाऱ्या टेस्टचं मूळ अनेकदा इथेच सापडतं.

आणि एरर नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. एडिशन ज्या त्या क्रेटपुरती असते. डॉटएन्व्हीसारखी, फायलीतून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरणारी क्रेट आतमध्ये हेच काम करते आणि तुमचा कंपायलर चकार शब्द काढत नाही. तीही रनटाइमच्या आधीच बोलवायची.

‘स्टॅटिक म्यूट’चं, म्हणजे बदलता येणाऱ्या ग्लोबल व्हेरिएबलचं, थोडक्यात. त्याचा रेफरन्स घेतला की आता सरळ एरर. ‘&रॉ कॉन्स्ट’ टाकून तोंड बंद करता येतं, पण थ्रेडमधली मारामारी तशीच राहते. मोजणी असेल तर अॅटॉमिक, एकदाच भरायचं असेल तर ‘वन्सलॉक’ किंवा १.८० पासूनचा ‘लेझीलॉक’. रॉ पॉइंटर फक्त खरोखर सी लायब्ररीशी बोलायचं असेल तेव्हा.

‘आर#जेन’ तसंच ठेवणं

‘जेन’ हा आता राखीव शब्द आहे, आणि रँडम आकडे देणाऱ्या रँड क्रेटची सगळ्यात लाडकी मेथड हीच होती. फिक्स तिथे ‘आर#जेन’ करतो. चालतं, पण दिसायला चप्पल-बुटाची जोडी. रँडने जानेवारी २०२५ च्या ०.९ मध्ये नावंच बदलली: ‘जेन’चं ‘रँडम’, ‘जेन_रेंज’चं ‘रँडम_रेंज’, ‘थ्रेड_आरएनजी’चं नुसतं ‘आरएनजी’. तेव्हा रँडच वर न्या.

ते करताना ‘आरएनजीकोअर हे ट्रेट लागू नाही’ असा एरर आला (ट्रेट म्हणजे टाइपने पाळायचा करार), आणि तुम्हाला ते लागू असल्याचं डोळ्यांना स्पष्ट दिसतंय, तर डोकं फोडू नका. एखादी क्रिप्टोची क्रेट अजून रँड_कोअर ०.६ वर असते आणि तुम्ही ०.९ वर. नाव एक, ट्रेट दोन. ‘कार्गो ट्री -डी’ चालवलं की जुळे समोर येतात. मग त्या क्रेटचीही नवी आवृत्ती घ्या, किंवा ती येईपर्यंत रँडला हात लावू नका.

एरर एकीकडे, कारण दुसरीकडे

फंक्शन ‘इम्प्ल इटरेटर’ (नेमका टाइप न सांगितलेला इटरेटर) परत देतं आणि ‘बॉरो (उसना घेतलेला रेफरन्स) अजून जिवंत आहे’ ही तक्रार मात्र ते बोलावणाऱ्या फायलीत येते. लोक तिथे ‘क्लोन’ टाकून सुटका करून घेतात. वास्तविक २०२४ मध्ये असा परतावा फंक्शनचे सगळे लाइफटाइम (रेफरन्स किती काळ टिकतो त्या मर्यादा) पोटात घेतो, वापरले असोत वा नसोत. तुम्ही कॉन्फिगचा रेफरन्स दिला, आत त्यातला एक आकडा वाचला आणि कॉन्फिगशी संबंध नसलेलं काही परत दिलं, तरी ते हातात असेपर्यंत कॉन्फिग बांधलेलं.

दुरुस्ती फंक्शनच्या सहीत आहे: ‘+ यूज<>’ जोडा आणि त्या कंसात टाइप पॅरामीटर असतील तेवढे लिहा. फिक्स हे बहुतेक ठिकाणी स्वतः करतो, आणि हा बदल मी ठेवतो, कारण परतावा काय धरून ठेवतो हे तो खरं सांगतो. जिथे आर्ग्युमेंटचाच टाइप ‘इम्प्ल’ लिहिलाय तिथे त्याचे हात टेकतात, कारण बिननावाच्या टाइपला कंसात लिहिणार कसं? तिथे टाइपला आधी नाव द्यावं लागतं.

ब्लॉकच्या शेवटच्या ओळीतली तात्पुरती मूल्यं आता लोकल व्हेरिएबलांच्या आधी सुटतात. याने ‘रेफसेल’चे कित्येक जुने एरर नाहीसे होतात, पण तुमच्या ‘ड्रॉप’मध्ये खरं काम होत असेल तर क्रम गुपचूप बदलतो आणि फिक्स तिथे काही करत नाही. ‘टेल_एक्स्प्र_ड्रॉप_ऑर्डर’ ही लिंट (कंपायलरची सूचना देणारी तपासणी) आधी चालू करून यादी काढा.

फॉरमॅटिंग त्याच कमिटमध्ये ढकलणं

नव्या एडिशनबरोबर ‘कार्गो एफएमटी’ची शैलीही बदलते, ‘यूज’च्या ओळींचा क्रम इकडचा तिकडे होतो. ते आणि फिक्सचे बदल एकत्र आले की रिव्ह्यू करणारा तिसऱ्या फाइलीपासून नुसतं स्क्रोल करतो. वेगळी कमिट करा, किंवा ‘रस्टएफएमटी.टॉमल’मध्ये ‘स्टाइल_एडिशन’ सध्या २०२१ ठेवा. एडिटर सेव्ह करताना ‘असिंक’वरच अडत असेल तर तो नुसतं ‘रस्टएफएमटी’ चालवत असणार. एडिशन न सांगता चालवलं तर ते २०१५ धरून बसतं.

हे सगळं कशासाठी, असं विचाराल तर माझ्यापुरतं उत्तर: लेट चेन. एका ‘इफ’मध्ये ‘लेट’ आणि साध्या अटी ‘&&’ने जोडता येतात, १.८८ पासून, म्हणजे जून २०२५ पासून, आणि फक्त २०२४ एडिशनमध्ये. कंपायलर १.९० असूनही नाकारतोय म्हणून रडणाऱ्यांनी एडिशनचा आकडा बघावा. ही अट उगाच नाही. वर सांगितलेला ‘इफ लेट’चा नवा नियम नसता, तर साखळीतला प्रत्येक गार्ड ‘एल्स’ संपेपर्यंत लटकत राहिला असता.

तर सुरुवातीचा तो पुल रिक्वेस्ट (मर्जसाठी पाठवलेला बदल). त्या मुलीने त्याच्या तीन कमिट केल्या: फिक्स, हाताने केलेले बदल, फॉरमॅटिंग. अकरा ‘मॅच’पैकी दहा परत ‘इफ लेट’ झाले. अकरावं ठेवलंय. तिथे ‘एल्स’ संपेपर्यंत लॉक खरंच हवा आहे, आणि वर तिने का हवा ते दोन ओळींत लिहिलंय.