नवी छोटी की जुनी मोठी? आधी टायरचा भाव विचारा

बजेट एकच आणि घरात दोन पक्ष: नवी हॅचबॅक की वापरलेली एसयूव्ही? नुसत्या किमती ताडून बघू नका. जुनी गाडी निम्म्या भावात मिळते, तिचे टायर मात्र पूर्ण भावातच!

दोन्ही गाड्यांच्या चार टायरचा, बॅटरीचा, क्लचचा आणि वर्षाच्या विम्याचा खर्च फोनवर विचारून घ्या. मग जुनीच्या टायरच्या कडेवर ‘DOT’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा; टायर कधी बनला ते त्यातून कळतं. ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. इतके जुने टायर गाडी आल्याआल्या बदलायचेच समजा. हा खर्च मिळवून बेरीज करा, कागद समोर ठेवूनच घासाघीस करा.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.