सोमवारी सत्तर गुण

पावलं मोजणारं स्मार्ट घड्याळ घेतलं की माणूस आपोआप चालायला लागतो, यावर माझा काडीचा विश्वास नाही. पंधरा दिवस नव्याची नवलाई असते, मग ते वेळ बघण्यापुरतं उरतं आणि चार्जर कुठल्यातरी खणात जातो. अमेरिकेत ४७१ जणांवर दोन वर्षं चाललेल्या एका चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला. वजन कमी करायचा आहार-व्यायाम सगळ्यांना सारखाच होता. दंडाला यंत्र बांधणाऱ्यांचं वजन सरासरी ३.५ किलोनं उतरलं, स्वतःच नोंद ठेवणाऱ्यांचं ५.९ किलोनं!

म्हणून आधी माणसं जमवा. तीनच. अख्ख्या सोसायटीचा ग्रुप केला की चौघं-पाचजण चढाओढ करतात आणि बाकीचे गुपचूप म्यूट करून टाकतात. आमच्या गटात मी, सांगलीची माझी धाकटी जाऊ आणि तिसऱ्या मजल्यावरचे एसटीतून रिटायर झालेले काका. तिघांचं चालणं साधारण सारखं असावं, एवढीच अट.

पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही. रोज जसं चालता तसंच चाला आणि सरासरी काढा. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही पण वळही उठणार नाही इतकं घट्ट हवं. बांगड्यांच्या हातात नको. त्या घड्याळाला ढकलत राहतात, मागच्या हिरव्या दिव्याची त्वचेवरची पकड सुटते आणि नाडीचा आकडा भलताच दिसतो. पावलं हाताच्या हालचालीवरून मोजली जातात, त्यामुळे भाजीची जड पिशवी धरलेला हात कमी मोजतो आणि पोळ्या लाटताना उगाच चार पावलं जमा होतात. मनात शंभर मोजत चालून बघा, तुमचं घड्याळ किती उदार आहे ते कळेल.

आता लक्ष्य. सरासरीत दीड हजार मिळवा, बास. रोज दहा हजार पावलांचा आग्रह सोडा. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, तिथून तो आकडा रूढ झाला. सरासरी ७२ वर्षं वयाच्या बायकांच्या २०१९ मधल्या एका अभ्यासात रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० नंतर फारसा फरक उरला नाही. सासूबाईंना आकडा ऐकवायचाच असेल तर हा ऐकवा. छातीत दुखत असेल, थोडं चालून धाप लागत असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

खरी गंमत गुणांत आहे. दर सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या खात्यात ७० गुण जमा. ज्या दिवशी लक्ष्य हुकेल त्या दिवशी १० वजा. चालून गुण मिळवायचे नाहीत, मिळालेले टिकवायचे. हाती आलेलं जाणं जिवावर येतं, हे हिशेबाच्या नोकरीत मी रोज बघते. ही युक्ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांची. एका कंपनीतल्या ६०२ जणांवर त्यांनी ती तीन प्रकारे करून पाहिली: घरच्या माणसाचा आधार, एकत्र गुण आणि तिघांतली स्पर्धा. पावलं सगळ्यांचीच वाढली, पण खेळ थांबल्यावरही ठळक वाढ टिकली ती स्पर्धावाल्यांचीच.

रात्री जेवणं झाल्यावर ग्रुपवर फक्त आकडा टाकायचा. भाषण नको, सुविचार तर नकोच. परवा साडेनऊला जावेचा मेसेज: “ताई, तुमची सातशे राहिलीत ना? मीही हॉलमधेच फेऱ्या मारतेय.” लगेच काकांचं: “दहा गुण जातायत मॅडम!” मग मी गेले पार्किंगमध्ये चालायला.

मागे पडणाऱ्याला गटातून काढू नका. सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात कमी धावणाऱ्याच्या धावण्याचा परिणाम जास्त धावणाऱ्यावर अधिक झाला, उलट दिशेनं तितका नाही. काका जवळ आले की माझे पाय आपोआप उचलतात, त्याचं कारण हेच असावं.

पैशाची पैज लावू नका. लगेच नातवाच्या हातात घड्याळ बांधलं जातं. रस्त्याचा नकाशाही शेअर करू नका, विशेषतः पहाटे एकट्या जाणाऱ्या बायकांनी. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशावरून लष्करी तळ ओळखू आले होते, आपलं घर सापडायला किती वेळ?

घरी गणपती, लग्न किंवा ताप असेल तर आधी कळवायचं, त्या आठवड्याचा हिशेब बंद. दर महिन्याला लक्ष्य पाचशेनं वाढवा, पण तिघांनाही जमत असेल तरच. एकाचा जरी गुडघा कुरकुरला, तरी पुढच्या महिन्यात आहे तेच ठेवा.