स्वतः कंपाइल केलेला कर्नल अखेर बूट झाला
लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सोर्स कोडपासून कंपाइल करताना मी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा वापरली, कारण तिच्यामुळे त्या वेळी लोड असलेलीच मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडले जाणारे भाग) शिल्लक राहतात आणि कंपाइलचा वेळ बराच वाचतो. कंपाइल निर्विघ्न पार पडले. बूट करताच मात्र रूट फाइल सिस्टिम (सिस्टिमच्या मुख्य फाइली जिथे असतात ती) माउंट करता, म्हणजे वापरासाठी जोडता, येत नसल्याचे सांगून कर्नल पॅनिक झाला, म्हणजे जागीच थांबला.

कारण साधे होते, तरी ते कळायला अख्खी संध्याकाळ गेली. एनव्हीएमई (माझ्या डिस्कचा प्रकार) आणि ईएक्सटी4 (तिच्यावरील फाइल सिस्टिमचा प्रकार) यांचे ड्रायव्हर मॉड्यूल स्वरूपात होते, ती मॉड्यूल त्याच डिस्कवर होती आणि मी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत लोड होणारी, अशी मॉड्यूल पुरवणारी छोटी फाइल सिस्टिम) तयारच केले नव्हते. म्हणजे किल्ली कुलपाच्या आतच राहिली होती. मेन्यूकॉन्फिग या कर्नलच्या सेटिंग मेन्यूमध्ये दोन्ही ड्रायव्हर ‘एम’ (वेगळे मॉड्यूल) ऐवजी ‘वाय’ (कर्नलमध्येच समाविष्ट) केले, तरी पुन्हा तोच पॅनिक! या वेळी मात्र वरच्या ओळींत डिस्कच्या पार्टिशनांची यादी दिसली, म्हणजे डिस्क सापडली होती.

ग्रब या बूटलोडरमध्ये रूट यूयूआयडीने, म्हणजे फाइल सिस्टिमच्या ओळख क्रमांकाने, दिलेला होता. त्याचा अर्थ लावण्याचे काम इनिटरॅमएफएस करते. नुसत्या कर्नलला पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, द्यावा लागतो. ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने तो शोधून तेथे लिहिला आणि लॉगिनची ओळ आली. जुन्या कर्नलची नोंद ग्रबमध्ये मी मुद्दाम ठेवली होती, म्हणून हे सारे प्रयोग करता आले.