क्लासवाला पगार दाबतोय? बोंब मारायच्या आधी हे करा

बडोद्यात फतेगंज-अलकापुरी साइडला आयईएलटीएस आणि स्पोकन इंग्लिशचे एवढे क्लास झालेत की अधूनमधून कोणीतरी नवीन टीचर विचारतेच, सर पगार देत नाहीयेत, क्लासचं नाव सोशल मीडियावर टाकून देऊ का सगळीकडे? टाका ना, पण आज नको. आधी पुरावे, आणि तेही नोकरीत असतानाच, कारण सोडलंत की क्लासचा ईमेल त्याच संध्याकाळी बंद.

पगार कॅशमध्ये देत असतील तर त्याच रात्री व्हॉट्सॲप करायचं, "सर, आज मार्चचे ८,००० कॅश मिळाले, ७,००० बाकी." ते फक्त अंगठा पाठवतील, तरी चालेल, तीच तुमची पावती. हजेरीच्या मस्टरवर तुमची सही असते त्याचाही फोटो काढा, पण मुलांची नावं-नंबर त्यात नकोत.

पीएफ कापतात? यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, टाकून पासबुक उघडा, महिन्यागणिक भरणा दिसतो. कापलाय आणि भरला नाही तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफच्या सरकारी ऑफिसच्या, ऑनलाइन तक्रार पोर्टलवर टाका. पीएफचा कायदा साधारण २० किंवा जास्त माणसं असली की लागू होतो म्हणून काही शेठ लोक प्रत्येक ब्रँचला वेगळी फर्म दाखवतात, तेव्हा पगार कुठल्या नावाने खात्यात येतो ते बघून ठेवा. टीडीएस, म्हणजे पगारातून इन्कम टॅक्स, कापला म्हणाले तर इन्कम टॅक्सच्या साइटवर २६एएस स्टेटमेंट बघायचं, तिथे नसेल तर जमा केलेला नसू शकतो, लगेच विचारा.

नोकरी देताना सही करून घेतात त्या बॉन्डला फार घाबरू नका. "सोडल्यावर दोन वर्षं बडोद्यात शिकवायचं नाही" असली अट १८७२च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ खाली टिकत नाही. ट्रेनिंगवर खरंच खर्च केला असेल तर तो मागू शकतात, तो वेगळा विषय. ओरिजिनल मार्कशीट मात्र "व्हेरिफिकेशन"साठी कुणाच्याही ड्रॉवरमध्ये सोडायची नाही, दाखवायची आणि परत घ्यायची. अडकलीच असेल तर ईमेलवर तारीख देऊन मागा, मग वकिलाची नोटीस.

लेबर ऑफिसात कदाचित ऐकाल की टीचर "वर्कमन" (कायद्याच्या भाषेत कामगार) नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९८८मध्ये तेव्हाच्या इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स ॲक्टपुरतं तसं म्हटलंय खरं, पण म्हणून बाकी पगार बुडाला असं नाही, नोटीस आणि सिव्हिल दावा हा रस्ता उघडाच असतो.

आता पोस्ट लिहायची कशी. "चोर", "फ्रॉड" हे शब्द काढून टाका, मानहानीचा दावा तिथूनच येतो. तारीख, कबूल केलेला आकडा, मिळालेला आकडा, मागितल्यावर काय उत्तर आलं, बस. सर रात्री कोणाबरोबर फिरतात त्याचं आपल्याला काय करायचंय? पोस्ट गेल्यावर बऱ्याचदा फोन येतोच, "बेन, आधी डिलीट करो, पछी वात", म्हणजे आधी डिलीट करा, मग बोलू. पैसे खात्यात दिसेपर्यंत डिलीट नाही आणि फुल अँड फायनलवर, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या कागदावर, सहीपण नाही. पैसे आले की त्याच पोस्टखाली तारखेसकट लिहून टाका, मिळाले.